वाजणारी आमसुलं

३ मे

आईचा मोतीबिंदू आटोपून अलिबागहून परत. आमसुलांच्या शेडमध्ये पाय ठेवला तर डोक्यावर चक्क फॅन! माझ्यामागे शेड सांभाळणारी वैशाली म्हणाली, भावाने दिला, उरणच्या घरातला जुना. गेल्या महिन्यात मीच सांगितलं होतं, फॅन पुढच्या वर्षी बघू. पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं हे खरंच. कामाला येणाऱ्या चौघींतल्या थोरल्या पार्वतीबाई ऐन फॅनखाली पाय पसरून, "आता घरी कोन जातंय? माझा भात हितंच धाडा."

भावाला फोन करून आभार मानते म्हटलं. वै. म्हणाली, "नको ताई, त्याला नाही आवडत असलं."

मी नसताना पहिल्या खेपेच्या सालींना रसाची सगळी पुटं देऊन झाली. वै.वर टाकून गेले ते बरं केलं.

६ मे

कमळकाकींच्या वाडीतून आणखी रतांबे, पिकलेली लालभडक कोकमं. काकी नेहमीसारख्या गेटात उभ्या. "आंब्याला राखण ठेवतो गं, रतांब्याला कोण विचारतं? झाडाखाली नुसता लाल चिखल. नेता ते उपकार." पैसे घेत नाहीत. खेप तयार झाली की घरची आमसुलं द्यायची, एवढाच व्यवहार. इथल्या सगळ्या वाड्यांशी हाच. शब्दावर चाललंय सगळं, आणि शब्द माझा.

दुसरी खेप फोडायला घेतली. बी-गर मिठात. सुटेल त्या रसात साली बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. सात वेळा. रस बाहेर विकायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं. आगळाला, म्हणजे ह्याच खारवलेल्या रसाला, गिऱ्हाईक रोज दारात असतं, मान्य. पण रस विकला की साल उपाशी. पाकिटावर मीच लिहिलंय, ‘स्वतःच्याच रसात सात पुटं’. वाचून दाखवलं तेव्हा वै.ने टाळ्या वाजवल्या होत्या.

९ मे

पहिल्या खेपेची पाकिटं भरून झाली. मुंबईच्या दुकानाची खोकी बांधून तयार, सोमवारनंतर कधीही रो-रो बोटीने. काकींचा वाटा त्यातलाच, स्वतः नेऊन दिला.

११ मे

काकींचा फोन. "अनघा, रागावू नकोस हं. काल सार केलं. दुप्पट आमसुलं घातली तरी आंबटपणा चढेना. बाहेरची मिसळलीस का गं?"

नाही म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

मग शेडमध्ये जाऊन एक पाकीट हातात घेतलं. हलवलं. वाजलं.

आमसुलं वाजत नाहीत. एकमेकांना चिकटून बसतात, बोटांनी सोडवावी लागतात. ही सुकी पानं. कडांना पांढरं मीठ फुललेलं. दुसरं खोकं उघडलं, तिसरं. सगळी वाजतात.

वै. म्हणाली, "ऊन कडक होतं ना ताई." माझ्याकडे न बघता.

असेल. मीठ मीच जास्त सांगितलं होतं का? आठवत नाही.

१३ मे

काशीदचा रिसॉर्टवाला आला. सगळ्या बसलेल्या. दारातूनच, "मॅडम, मागच्या महिन्यात दिलं तसं आगळ अजून आहे का? सोलकढी एक नंबर झाली."

आगळ नाही म्हणून त्याला परत पाठवला. वर फॅन गरगरत होता.

तो गेल्यावर वै., "रस काढला आम्ही. साली मिठाच्या पाण्यात बुडवल्या. रंग आला होता ताई, आम्हाला वाटलं नाही कळणार."

"आणि फॅन?"

"त्याच पैशाचा."

आम्ही. हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतोय. बाकी दोघींकडे पाहिलं, त्या साली चिवडत राहिल्या. मी पार्वतीबाईंना विचारलं, निदान तुम्ही तरी सांगायचं. "सांगून काय व्हनार व्हतं बाय? तू इचार करत बसली असतीस. हितं उकाड्यानं जीव जात व्हता."

म्हणजे मला चुकवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. वर भाऊसुद्धा तयार केला माझ्यासाठी. आणि मी दहा दिवस त्या वाऱ्याखाली बसून—

१४ मे

हे म्हणतात, "एवढंच ना? घरोघरी काढतात थोडं आगळ." घरोघरी काढतात. घरोघरी पाकिटावर लिहीत नाहीत.

पण फॅन हवा हे बायकांनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी रस न विकण्याचा नियम सांगितला. नियम आमसुलांसाठी होता की माझ्यासाठी? ह्याने त्यांचं खोटं कमी होत नाही. तरी प्रश्न आहेच.

भाऊ कशाला बनवायचा होता पण? नुसतं ‘आणला’ म्हटलं असतं तर मी भांडले असते. एवढं जमलं नसतं का आम्हाला?

१५ मे

शेडवर कुणी आलं नाही. मीच काल ‘येऊ नका’ म्हटलेलं. येतील असं वाटलं होतं.

काकींच्या गेटापर्यंत गेले. त्या झोपाळ्यावर डाळ निवडत होत्या. हाक न मारता परतले. काय सांगू? माझ्या बायकांनी फसवलं? ‘माझ्या’ म्हणायचं की नाही, इथपासून सुरुवात.

न सांगता पाकिटं पाठवली तर मीही त्यांच्यातली. सांगितलं तर पुढच्या वर्षी कुठली वाडी गेट उघडेल?

१६ मे

सकाळपासून एकटी. खोकी सोडली. आमसुलं पुन्हा पुटाला घातली तर सुधारतील थोडी, पण रस आहे तो दुसऱ्या खेपेचा. ह्यांना पाजला तर त्या साली उपाशी. पिंपाशी कितीतरी वेळ बसून राहिले.

शेवटी काकींना फोन केला. सगळं सांगितलं. झोपाळ्याची करकर थांबली. मग म्हणाल्या, "वैशालीला घेऊन ये. दोघी या. एकटी येऊ नकोस."

दुकानाला कळवलं, माल आत्ता येणार नाही.

दुपारी दुसऱ्या खेपेच्या साली बुडवत होते. फॅन बंद. घाम रसात पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. वै. कधी आली कळलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, हात धुतले, समोर बसून पिंपातल्या साली वर काढायला लागली. तोंड सुजलेलं. माझंही असेल.

काकींचा निरोप अजून दिला नाही.

मूठभर साली निथळत ठेवून म्हणाली, "ताई, फॅन लावू?"