भोंगा वाजला तेव्हा

प्रिय कृष्णनाथ,

पत्र बघून तू चक्रावशील. तू वास्कोला गेल्यापासून सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम दोन पानं. आधी बातमी देतो. आपल्या होडीच्या जुन्या इंजिनाला अखेर भोंगा बसला. धारगळचा प्रवीण, गाड्यांचं वायरिंग करतो तो, दोन दिवस खपत होता. ऑइलचा दाब उतरला किंवा पाणी न मिळून इंजिन तापलं, की भोंगा ओरडणार आणि सुकाणूपाशी तांबडा दिवा पेटणार. तू बाबांच्या मागे लागला होतास ते हेच. तेव्हा हसलो होतो मी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवून मूठ कानाला लावली की इंजिन माझ्याशी बोलतं, अशी माझी फुशारकी. बाबांनाही त्याचं केवढं कौतुक! केरीच्या धक्क्यावर लोक आपापली इंजिनं दाखवायला मला बोलवायचे.

काल सकाळी चाचणी होती. तुझी वहिनी सुलोचना चहा-पाव घेऊन आली होती. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होईपर्यंत भोंगा वाजतो, म्हणजे तो चालू आहे हे कळतं, असं प्रवीणनं समजावलं आणि किल्ली फिरवली. दिवा पेटला. सुलोचनाच्या हातातला चहा सांडला, शेजारच्या होडीतल्यांनी कानांवर हात ठेवले. आणि मी प्रवीणला विचारलं, भोंग्याची तार जोडायची राहिली काय. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आता सात वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं. आपल्या सुमनच्या सासरची मुळगावची माणसं होडीत होती. मी सुकाणूवर, तू पुढच्या टोकाला दोर धरून. खाडीच्या मुखाशी इंजिन जाम झालं, होडी वाहत जाऊन रेतीवर आडवी झाली आणि सुमनच्या सासूचा हात मोडला. घरी सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतलं. सकाळी पाण्याची जाळी तू साफ केली नाहीस म्हणून इंजिन तापलं, असं म्हणालो. इंजिनाचा आवाज बदललाय म्हणून मी दोनदा ओरडलो, दादानं मानही हलवली, असं तू परोपरीनं सांगत होतास. मी साफ नाकारलं. बाबांनी तुला होडीवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं आणि तोच समज घेऊन ते गेले.

कृष्णनाथ, जाळी तू साफ केली होतीस. मी बघितलं होतं. वाटेत एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली असणार. तुझं तोंड हलताना मला दिसलं, काही थट्टा करत असशील असं वाटलं आणि मी मान हलवली. माझे कान त्याच्या वर्षभर आधीच गेले होते. जन्मभर इंजिनापाशी बसल्याचं हे फळ, असं म्हापशाचे डॉक्टर म्हणाले. मी कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्याच्या हाती होडी कोण देणार? समोरच्याचं तोंड बघून निभावत आलो. सुलोचनाला वाटायचं, लग्न जुनं झालं की नवऱ्यांना ऐकू येत नाही. एवढा मोठा भोंगा तरी ऐकू येईल, या आशेवर तो बसवला रे. मला माझीच लाज वाटते.

दर चतुर्थीला तू फोन करतोस आणि मी तो सुलोचनाच्या हातात देतो. दादानं राग धरलाय असं तुला वाटत असेल. फोनवर तुझा आवाज मला ऐकूच येत नव्हता, म्हणून हे पत्र. आज सकाळी आईला सगळं सांगितलं आणि होडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता, खाली बघूनच ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही आणि परत विचारायचं धाडस झालं नाही. तू ये. किल्ली घे. ती काय म्हणाली ते तिला विचार आणि मला कागदावर लिहून दे, काहीही असलं तरी.

तुझाच दादा,
भिकाजी