काळ्या पाइपवरचे दात

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
ता. ३ मार्च १९८८

ती. सौ. नर्मदाक्कास, खंडोजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हुणसूरला तंबाखूची धामधूम असेल, भावोजींना आमची आठवण कुठून होणार! असो.

तक्रार आपल्या धाकट्याची, रणोजीची. नळ त्याच्या पुढच्या घरात, मी मागच्या घरात; मधल्या त्याच्या कारखान्यातून माझं पाणी येतं. जुना लोखंडी पाइप गंजला म्हणून त्याने प्लास्टिकचा काळा पाइप आणला. वेटोळंच्या वेटोळं! कोपऱ्यावर एल्बो नको, सॉकेट नको, दोरीसारखा वाकवला आणि शिसवी फळ्यांच्या मागून भिंतीलगत नेला. मी तेव्हाच म्हटलं की जो हाताने वाकतो तो पाइपच नव्हे. तो हसला.

महिन्यात तीनदा पाणी बंद. तिन्ही वेळा पाइप फळ्यांमागेच तुटलेला, काठावर बारीक दातांच्या रेघा. तीस वर्षं बस डेपोत लोखंड कापलं मी. करवतीचा दात ओळखणार नाही? जडावकामाची बारीक करवत घरात एकट्या रणोजीकडे. नळ दोघांच्या नावावर; त्याला स्वतंत्र हवा, मी सही देत नाही, म्हणून हा डाव. विचारलं तर म्हणाला की अण्णा, तुझं डोकं ठिकाणावर नाही. आता चौथ्यांदा कापला, तर कापणारा हात मी ठेवणार नाही.

भागीरथी नमस्कार सांगते. आमच्यावरची माया आटू देऊ नये.

तुझा
खंडोजी


हुणसूर
ता. ९ मार्च १९८८

चि. खंडोजीस नर्मदाचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग भीती वाटली. लहानपणी पतंग फाटला की तू रणोजीचाच कान धरायचास. मागून कळायचं की चिंचेने फाडला. साठी आली, तरी उचलली जीभ लावली टाळ्याला, ही सवय गेली नाही. हात तोडायची भाषा करतोस, लाज वाटत नाही? शिसवात हत्ती-मोर बसवून त्या हातांनीच जयलक्ष्मी आणि तीन लेकरं पोसली आहेत. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही असं आई म्हणायची, पण म्हणून रोज काठी मारायची नसते.

माझं ऐक. तो तुटका तुकडा एखाद्या प्लंबरला दाखव. यांना खोकला आहे, युगादीनंतर मी येते. तोवर रणोजीच्या कारखान्यात पाऊल टाकू नकोस.

भागीरथीला आशीर्वाद. दोघं भाऊ एका ताटात जेवताना दिसावेत, एवढंच मागणं.

तुझी
अक्का


लष्कर मोहल्ला
ता. १६ मार्च १९८८

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. प्लंबर तेव्हाच बोलावला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

सोमवारी सकाळी पाणी बंद. भागीरथी तापाने फणफणलेली, घरात घोटभर पाणी नाही. नारळ सोलायचा कोयता उचलून मी कारखान्यात शिरलो. रणोजी फळ्यांमागे चिखलात गुडघे टेकून बसला होता, डाव्या हातात पाइप, उजव्यात करवत. मला वाटलं, सापडला चोर. तो तोंड उघडायच्या आत मी त्या उजव्या हातावर कोयता घातला. दोन बोटं चिखलात पडली, अंगठा लोंबायला लागला. तो ओरडला नाही अक्का. ओरडत मीच होतो, आणि दुसऱ्या घावासाठी हात उचललाही होता. जयलक्ष्मीने शिसवी फळी माझ्या तोंडावर हाणली. दोन दात गेले. मी पडल्यावरही ती मारत राहिली, मला ते कमीच वाटतं. पाइपमधून पाणी उसळत होतं, सगळं लाल. लेकरांनी पाहिलं.

संध्याकाळी प्लंबर आला. फळ्या ओढल्या तर मागे हेग्गणाचं, आपल्या घुशीचं, बीळ. आत काळ्या प्लास्टिकचा भुगा आणि चार पिल्लं. त्याने सांगितलं की लोखंडाला घूस तोंड लावत नाही, या पाइपला लावते. रणोजीच्या हातात करवत कशाला होती तेही कळलं. कुरतडलेला भाग कापून तो नवा तुकडा जोडत होता, माझ्याच पाण्यासाठी.

इस्पितळात त्याने लिहून दिलं की हात यंत्रात सापडला. पोलीस आले, त्यांनाही तेच. मला वाचवलं त्याने. शेवटी भाऊ तो भाऊच, नाही का? माझं तोंड पाहत नाही, पण तू मध्ये पड. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवीन, जन्मभर त्याच्या लेकरांचं करीन. फक्त एकदा त्याने मला अण्णा म्हणावं.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही, मला टाकू नकोस.

खंडोजी


सरस्वतीपुरम, म्हैसूर
ता. २९ मार्च १९८८

खंडोजी,

हुणसूरहून येऊन आठ दिवस झाले. जयलक्ष्मीच्या भावाकडे उतरले आहे. रणोजी आणि लेकरं इथेच आली आहेत. तुझ्या घराकडे माझे पाय वळले नाहीत.

बोटं जोडता आली नाहीत. अंगठा राहिला, पण वळत नाही. आता त्या हातात करवत धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काल तो डाव्या हाताने भात कालवत होता, तेव्हा जयलक्ष्मी उठून आत गेली. मला तुझा इतका राग येतो की देवापुढे बसवत नाही.

तुझा निरोप मी शब्द न गाळता सांगितला. त्याने ऐकून घेतला. मग मीच विचारलं की राग आहे तर पोलिसांपुढे खंडोजीला का वाचवलंस. तो म्हणाला की वाचवलं नाही. कोर्टात उभं केलं असतं, हा तुमचा कोण असं विचारलं असतं, आणि शपथेवर भाऊ म्हणावं लागलं असतं. तेवढं त्याला टाळायचं होतं.

भागीरथीचा ताप उतरला का ते कळव. लोभ असावा, असं या खेपेस लिहवत नाही.

नर्मदा