काकासाहेबांनी ताटावर हात धरला

जालना,
११ फेब्रुवारी १९९७

ती. झुंबरआक्का यांना उषाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ येते, पण पूर्ण वाकले आहे असं समजावं.) तुमचा गुडघा, दाजींचा खोकला आणि ती मारकी म्हैस, तिघांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावं. टेंभुर्णीत आता सरपंचांच्या घरी फोन आला आहे हे ठाऊक आहे, पण घरचं बोलणं सरपंचीणबाईंच्या कानांवरून तुमच्यापर्यंत यावं असं मला वाटत नाही. म्हणून पाकिटाला तिकीट लावते आहे. इकडे सगळे खुशाल आहेत. भुजंग सोडून. म्हणजे तब्येतीनं तोही खुशालच आहे, पण घरात असा वावरतो की भाड्यानं राहणारा बरा. पत्र खरं तर उडदाच्या पापडांसाठी लिहायला घेतलं होतं, पण भुजंगचं नाव निघालंच आहे तर सगळं सांगते.

इथे जुन्या जालन्यात कुंडूबाबूंचं हॉटेल आहे. त्याला पाटी नाही, चार बाकं आहेत आणि सकाळी दहा वाजता त्याचा दरवाजा बंद होतो. थोरले कुंडू निजामाच्या काळात जिनिंगमध्ये इंजिन चालवायला बंगालहून आले. इंजिन बंद पडलं, जिनिंग बंद पडलं, पण कुंडू काही परत गेले नाहीत. बायकोला लुच्या तळायला बसवलं आणि हॉटेल काढलं. ते वारले, बायको अजून तळते आहे. ऐंशीच्या पुढे वय, कानांनी ठार बहिरी. घरातले तिला ठाकूमा म्हणतात, म्हणजे आजी. तिचा मुलगा निर्मलबाबू टोपली घेऊन वाढत फिरतो. आणि नात तापसी शाळेत गणित शिकवते, सकाळी शाळेला जाण्याआधी बटाटे सोलते. भुजंगची मिलमधली रात्रपाळी सुटली की तो तिथेच नाष्टा करायचा. मी दोन वर्षं समजत होते की पोराला लुच्यांची गोडी लागली आहे.

दिवाळीत त्यानं तोंड उघडलं. बापानं (तुमच्या अप्पारावांनी) नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वर धरलं आणि आतून म्हणाले, काकासाहेब सांगतील तसं. भुजंगही तेच म्हणाला. बारावीनंतर यांचा पगार चार महिने अडकला होता तेव्हा बैलजोडी विकून काकासाहेबांनी त्याला पॉलिटेक्निकला घातलं, ते तो विसरलेला नाही. काकांनी नको म्हटलं तर मी लग्न करणार नाही, असं त्यानं तापसीलाही सांगून टाकलं होतं. (पोरीनं ते ऐकून घेतलं आणि तरीही बोलत राहिली, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

तुमचे थोरले बंधू म्हणजे काय प्रकरण आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. पण खोटं कशाला बोलू, या वेळी ते फार समजूतदारपणे वागले. मुलगी बंगाली, हे त्यांनी एका रात्रीत पचवलं. घरात मासे शिजतात, हे पचवायला आठवडा लागला. सोयऱ्याधायऱ्यांत नाक कापलं जाईल, यावर म्हणाले, नाक माझं हाये, मी बघतो. एवढे डोंगर ओलांडून माणूस जानेवारीच्या एकोणीस तारखेला, रविवारी, परतूरहून पहिल्या गाडीनं जालन्याला उतरला. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी आणि आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं. सोयऱ्यांकडे नाष्ट्याला जायचं म्हणजे जागा ठेवून जायचं, ही आपली रीत.

निर्मलबाबूंनी घरी बोलावलं नाही, हॉटेलातच बोलावलं. त्यांचं म्हणणं असं की आमचं खरं घर तेच. आम्ही चौघं एका बाकावर बसलो: काकासाहेब, हे, मी आणि आमच्या गल्लीतल्या गिरिजाबाई, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. भुजंगला मीच यायला मनाई केली होती. पुढ्यात स्टीलची ताटं आली. लुची म्हणजे मैद्याची पुरी, पण आपल्या पुरीसारखी लालसर नाही. पांढरीशुभ्र, तळहाताएवढी, टम्म फुगलेली, आणि तोंडात गेली की कुठे गेली ते कळत नाही. सोबत हरभऱ्याची डाळ, तिच्यात साखर आणि खोबऱ्याचे तुकडे. (साखर घातलेली हरभऱ्याची डाळ आणि तरी ते पुरण नव्हे, हे मी काकासाहेबांच्या कानात दोनदा सांगितलं.) दम आलू आणि वांग्याच्या जाड तळलेल्या चकत्या होत्या. आतल्या जाळीच्या कपाटात छेन्याचे संदेश (त्यांची मिठाई) रचून ठेवलेले दिसत होते. खजुराच्या झाडाच्या गुळाचे, खास कलकत्त्याहून त्या गुळाचं पार्सल मागवून केलेले.

एकेक लुची वाढली गेली. काकासाहेबांनी ती दोन घासांत संपवली आणि डोळे मिटले. आवडली, हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं. इतक्यात निर्मलबाबू टोपली घेऊन आले आणि आपल्या खानदानी रीतीप्रमाणे काकासाहेबांनी ताटावर पंजा पसरला, "बस, बस, लई झालं." तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे पहिला नको म्हणजे मी हावरा नाही, दुसरा नको म्हणजे बघा बुवा, आणि तिसरा नको म्हणजे दोन वाढा. तुम्ही तर पाहुण्याचं मनगट पिळून पोळी वाढता. दाजींचे थोरले मामा आजही टेंभुर्णीचं नाव काढलं की पोट चोळतात.

पण कुंडूंच्या हॉटेलात रीत निराळी. ठाकूमाला ऐकू येत नाही, ती कढईपाशी बसून ताटं बघते. ताट उघडं असेपर्यंत लुची येत राहते, दहा खा नाहीतर वीस, पैसे तेवढेच. ताटावर हात आला की संपलं. मग त्या माणसाला पुन्हा विचारायचं नाही, कारण पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं म्हणणं. थोरल्या कुंडूंनी घालून दिलेला नियम आहे. निर्मलबाबू अदबीनं पुढे सरकले. आता थोरल्या भावानं एका लुचीवर हात धरल्यावर धाकट्या भावानं दुसरी कशी घ्यावी? यांनी धरला. मग मी धरला. गिरिजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या माहेरचं काही बुडवलंय, आणि त्यांनीही धरला. आम्ही चौघं ताटांवर हात ठेवून ओळीनं बसलो होतो, शपथ घेतल्यासारखे. जो आधी हात उचलेल तो हावरा.

शेजारच्या बाकावर मिलमधला महेमूद अकरावी लुची खात होता. त्याला आमची दया आली. म्हणाला, "खाओ ना चाचा, शरमाते कायकू?" त्यानं सगळंच बिघडलं. आग्रह यजमानानं करायचा, तिऱ्हाइतानं नाही. काकासाहेब ताठ बसले, हात तसूभर हलेना. आतून ठाकूमा हे बघत होती. तिला वाटलं, एका घासावर तृप्त होणारा हा कुणी मोठा व्रतस्थ माणूस आहे. ती भिंत धरत धरत बाहेर आली आणि काकासाहेबांना हात जोडले. अशा माणसापुढे गोड ठेवून त्याचं व्रत मोडायचं पाप नको, म्हणून तिनं संदेशाचं कपाटही लावून घेतलं. त्या कडीचा आवाज काकासाहेबांच्या काळजापर्यंत गेला असावा.

बाहेर आल्यावर ते तडक स्टेशनकडे निघाले. स्टेशनवर पाच भजी, दोन केळी आणि एक अख्खा पाव खाल्ला, मग बोलले. "मी काय भुकेला आल्तो का? पण दोनदा इचारतेत का न्हाई? ज्या घरात हात बाजूला सारून वाढीत न्हाईत, तिथं आपलं पोरगं द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई." गाडी आली, ते गेले. भाषा चालली, मासे चालले, नाक कापलं गेलेलं चाललं, आणि दुसऱ्या लुचीवर गाडी अडली. मी तेव्हा हसले, आक्का. घरी येऊन भुजंगला सांगितलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, बरं. तेव्हापासून तो बरं एवढंच म्हणतो. भाजी अळणी झाली तरी बरं.

तर असं आहे. काकासाहेबांचा शब्द म्हणजे शब्द, त्यामुळे विषय संपला. पापड दोन शेर पाठवावेत, तिखट बेताचं. बेबीनंदाच्या बाळाला गोड पापा.

तुमची,
उषा

ता. क. १ : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. आक्का, ताटावर हात धरायचा नाही हे भुजंगनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं, काकांच्या कानावर घाल म्हणून. मी घातलं नाही. मोठ्या दिराला कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण ते खरं नाही. मला ती सोयरीकच नको होती. काकासाहेबांनी मोडली असती म्हणजे मी वाईट झाले नसते. माझा हात ताटावर होता तेव्हा मी मनातून खूश होते. हे यांनाही ठाऊक नाही.

ता. क. २ : काल सोमवारी मी एकटी तिथे गेले. माफी मागायला म्हणा, नाहीतर पोरीला एकदा नीट बघायला म्हणा. एक लुची खाल्ली आणि सवयीनं ताटावर हात गेला. तापसी बटाट्यांवरून उठली, माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. "आई, काय लाजून राह्यल्या? मला म्हाईत हाये तुमच्यात कसं असतंय. त्या दिवशी मी शाळेत गेल्ते, न्हाईतर उपाशी जाऊ दिलं असतं का?" (रविवारी जादा तास ठेवतात हे हेडमास्तर, त्यांचं भलं होवो.) जन्म जालन्याचा, भाषा आपल्यापेक्षा अस्सल. मी नऊ खाल्ल्या, आणि मधेच रडले. ठाकूमाला वाटलं डाळ तिखट झाली, तिनं वर आणखी साखर घातली. आता मला हीच सून हवी आहे, दुसरी कुणी चालणार नाही.

ता. क. ३ : मुख्य गोष्ट राहिली. नववी लुची खाताना कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून, मला एक ओळखीची टोपी दिसली. निर्मलबाबू म्हणाले, ते व्रतवाले काका ना, तीन सोमवार झाले येतात. व्रत सुटलं वाटतं, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. परतूरच्या घरी, जालन्याला दाढ दाखवायला जातो, असं सांगून येतात. मी पदर पुढे ओढून मागच्या दारानं निघाले. जाताना पाहिलं, त्यांच्या ताटात तीन संदेश होते आणि ते तापसीला गावाकडच्या शाळेत गणिताला मास्तर टिकत नाही हे सांगत होते.

आक्का, पापड राहू द्या, तुम्हीच या. मिळेल त्या एसटीनं या आणि परतूरला जा. ते नको म्हणाले आणि आम्ही भीतीनं तेच धरून बसलो. हे वर्तमानपत्रामागे, भुजंग बरं म्हणत, मी पापडांची पत्रं लिहीत. आज तेवीस दिवस झाले. त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारलेलंच नाही.