झोपून जाता येईल अशी गाडी

१९ जानेवारी १९५३, सोमवार

मालाच्या डब्यातून न्या म्हणाला. माझ्या बहिणीला, प्रेमाला!

खिडकीमागच्या त्या बाबूने मला नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं. चुकीचं वाचत होता, म्हणून मी ते त्याच्या हातून घेऊन बरोबर वाचून दाखवलं. अर्थ तोच निघाला. प्रेमाचा प्लॅस्टरचा साचा डब्याच्या दारातून वळत नाही. वळवलाच तरी क्षयाची रोगी, म्हणून अख्खा डबा राखून घ्यायचा. पुण्याला गाडी बदलायची, तिथे तिला सामानासारखं फलाटावर उतरवून ठेवायचं. मी म्हटलं, ती ट्रंक नाही. तर म्हणतो, "ट्रंक असती तर सोपं झालं असतं, मॅडम."

खरं बोलला मेला.

वर्ष उलटून गेलं, ती उताणी पडून आहे. मानेपासून मांड्यांपर्यंत पांढरा दगड. मणक्याचा क्षय. कलकत्त्याच्या या ओल्या हवेत हाड भरून यायचं नाही, हे कळायला मला डॉक्टर लागत नाही. मिरजेची हवा कोरडी आहे, सॅनेटोरियम आहे, हाडांचे नावाजलेले सर्जन आहेत. तिथे न्यायला हवी. रेल्वे नेत नसेल तर रस्ता आहे.

२० जानेवारी

रात्रीच्या जेवणाला मोटारीची गोष्ट काढली. श्यामराव भात कालवत राहिले. इतक्या वर्षांत मेहुण्यांचं मत मला कधी कळलेलं नाही, सरकारी हिशेबखात्यात राहून माणूस असाच होत असावा. त्यांच्या आई म्हणाल्या, "कालिंदीबाई, एवढ्या लांब? रांची, रायपूर, नागपूर करत? हाडं खिळखिळी होतील हो तिची."

"हाडं प्लॅस्टरमध्ये आहेत," मी म्हटलं.

गाडी माझ्या फंडातून घ्यायची. तीस वर्षं शाळेत पोरींना शिकवून साठवला तो काय माझ्या तेराव्यासाठी? मिरजेला पोचलो की विकून टाकू. मग आतल्या खोलीतून प्रेमाचा आवाज आला, "अक्काने ठरवलंय ना? मग झालं की."

झोपायच्या आधी तिने मला विचारलं, "वाटेत तासगाव लागतं का गं?"

तासगावला श्यामरावांच्या थोरल्या भावाकडे पुष्पा आहे. आईचा रोग तिला लागू नये म्हणून पोरीला तिकडे पाठवली, तेव्हापासून दोघींची भेट नाही. मी म्हटलं, आधी दवाखाना. बरी झालीस की पुष्पाला तूच आणायला जा.

२४ जानेवारी

नाडा घेऊन जुन्या मोटारींच्या मल्लिकबाजारात गेले. जुन्या परकराचा नाडा. प्रेमाच्या साच्याच्या लांबीला एक गाठ मारली आहे, रुंदीला दुसरी. फूट-इंचांवर माझा विश्वास आहे, दलालांच्या फूट-इंचांवर नाही.

घोषाल म्हणून एक दलाल आहे. धोतराचा सोगा हातात, तोंडात पान. पहिली दाखवली ती लाकडी अंगाची स्टेशन वॅगन. "टॉप कंडिशन, दीदी. एका जज्जसाहेबांची." मी आत चढले, छत्री टेकवली. छत्री थेट रस्त्यावर टेकली. मी घोषालकडे बघितलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात हवा छान येते."

२७ जानेवारी

लष्कराने लिलावात काढलेली रुग्णवाहिका. लढाईच्या वेळची. लांबीची गाठ बसली, रुंदीची बसली, किंमत परवडणारी. इथेच थांबले असते तर फसले असते. आज ठरवलं, ज्या गाडीतून तिला न्यायचं त्या गाडीत आधी मी उताणी झोपणार.

झोपले. छत्री छातीवर आडवी धरली. घोषालला म्हटलं, अंगणात तीन फेऱ्या मार. भोवतीची सगळी माणसं काम टाकून बघत उभी राहिली. बघेनात का. पहिल्या फेरीत दातावर दात आपटले, दुसऱ्या फेरीत डोकं कडेला लागलं. तिसरी मी मारू दिली नाही. ज्या सैनिकांना हिच्यातून नेलं ते जखमांनी मेले की हिच्यामुळे, कुणी चौकशी केलेली दिसत नाही.

३० जानेवारी

प्रेमाला ताप. डॉक्टर येऊन गेले. बाहेर श्यामरावांशी बंगालीत बराच वेळ बोलत होते. मी गेले तेव्हा दोघेही हवापाण्यावर आले.

१ फेब्रुवारी, रविवार

बोटीएवढी लांब अमेरिकन गाडी. हिरवी. कुणा जमीनदाराची. पुढची सीट काढली तर प्रेमाचे पाय ड्रायव्हरच्या शेजारी येतात आणि डोकं मागच्या सीटवर. नाडा लावला. वीतभर कमी. घोषाल म्हणतो, "पेशंट थोडा वाकवता नाही का येणार?"

यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत बोलले आणि त्याला सगळं समजलं.

घरी आले तर प्रेमा विचारते, "आज कशात झोपून आलीस?" सगळं सांगितलं. हसताना साच्याच्या आत तिला दुखतं, म्हणून ती फक्त डोळ्यांनी हसते. म्हणाली, "एवढ्या गाड्यांत तू झोपतेस, एखादीत झोप लागली तर तीच घे."

३ फेब्रुवारी

आज दिवसभर कुठे गेले नाही. पाय सुजलेत. फेब्रुवारी गेला की ऊन तापेल, मग त्या रस्त्याने तिला नेता येणार नाही. पावसाळा तर बोलायलाच नको. म्हणजे या महिन्यात, नाही तर वर्षाने. वर्ष तिच्याकडे आहे असं मी कागदावरही लिहू शकत नाही.

५ फेब्रुवारी

दारात गाडी उभी! मी सियालदहला मिशनच्या दवाखान्यातून उशा आणायला गेले होते, तेवढ्यात श्यामरावांनी घेऊन टाकली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने स्वतःहून काही केलं. प्रेमाच्या सासूबाईंचा नारळ फोडून झाला होता. चाकाखाली लिंबू, टपावर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ.

लांब. काळी. दोन्ही बाजूंना मोठाल्या काचा, आत जांभळे पडदे. मागचं दार पूर्ण उघडतं, आणि फळीवर पितळेचे रूळ. श्यामरावांचा चेहरा लग्नातसुद्धा इतका उजळला नव्हता. "बघा अक्का, काय सोय आहे! साहेबलोकांचं सामान न्यायची असणार. साचा नुसता रुळांवर ठेवायचा आणि आत सरकवायचा. उचलायचं काम नाही. तुमचा नाडा लावून बघितला, दोन्ही गाठी बसतात."

मी टपाकडे बघितलं. मधोमध चार भोकं, लांबी भरून बुजवलेली. तिथला क्रूस उखडून काढलाय, ते मला कळलं.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी आठवीत असताना मदर अ‍ॅग्नेस गेल्या. आम्हा मुलींना पांढऱ्या रिबिनी बांधून रांगेत उभं केलं होतं. ती गाडी घोड्यांची होती, पण आत असेच पितळी रूळ. शवपेटी ठेवली आणि एकीने नुसता हात लावला, तर ती आपसूक आत गेली. आवाज झाला नाही.

आमच्या लोकांना हे कसं कळावं? आपलं माणूस खांद्यावरून जातं. कापडात, उघड्या चेहऱ्याने. काचेची मोटार म्हणजे यांना लाटसाहेब.

श्यामराव अजून बोलत होते. "एकच मालक होता म्हणे. घोषाल म्हणाला, आजवर एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही."

तो घोषाल माझ्या हाती लागू दे.

६ फेब्रुवारी

सकाळी सगळे उठायच्या आत जाऊन त्या गाडीत झोपले. बचनसिंगला म्हटलं, कालीघाटपर्यंत जाऊन ये. ड्रायव्हर म्हणून याला श्यामरावांनी ठेवलाय. चांगला माणूस, एक डोळा अधू आहे पण दुसऱ्याने दोघांचं काम करतो.

खरं ते लिहिते. ट्रामच्या रुळांवरून गेली आणि मला कळलं नाही. स्प्रिंगा लोण्यासारख्या. इंजिनला खोकला नाही. हिला कधी कुणी घाईने चालवलेलीच नाही. दहा गाड्यांत झोपून आले, एकीतही पाठीला असा आराम नव्हता.

बचनसिंग म्हणाला, "बीबीजी, इस गाडी को पुलिस नहीं रोकती." म्हणजे याला ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, घरात बोलायचं नाही. तो म्हणाला, "मैं क्यों बोलूँ, आप ही तो लेटी हो."

परत करायची तर दुसरी कुठून आणायची? आणि श्यामरावांना काय सांगायचं? तुमच्या आईने कुंकू लावलं ते कसल्या गाडीला, हे? सासूबाई मांजर आडवं गेलं तर भाजी आणायला जात नाहीत. प्रेमासुद्धा काही कमी नाही. तिला कळलं तर ती त्यात पाऊल—पाऊल कुठलं टाकणार म्हणा.

दुपारभर स्वतःशी भांडले. गाडी ठेवायची. कुणाला सांगायचं नाही. या घरात एकटीला कळतं त्याची ही शिक्षा.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रेमाला घेऊन पहिली फेरी. चौघांनी साचा जिन्यावरून उतरवला, रुळांवर ठेवला, आणि मी हात लावला. सरकली. आवाज झाला नाही. मी पडदे उघडायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

वर्षभर तिने फक्त छत बघितलंय. आज दोन्ही बाजूंनी आभाळ. "अक्का, शिरीषाचं झाड! अक्का, ट्रामची तार बघ, कशी पळतेय!" लहान मुलीसारखी एकेक नाव घेत होती.

लोअर सर्क्युलर रोडला चर्च सुटलं होतं. मला भान राहिलं नाही, नाही तर तिकडे वळू दिलं नसतं. फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्या साहेबाने हॅट काढली. मग त्याच्या मागच्याने. दोन बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. चौकातल्या शिपायाने समोरची लॉरी थांबवून आम्हाला वाट दिली. प्रेमाने मान वळवता येत नाही म्हणून डोळे वळवून सगळं बघितलं. एक साहेब तर काचेपाशी आला, आत तिचे उघडे डोळे दिसले आणि दचकून मागे झाला.

तिने त्याला नमस्कार केला.

संध्याकाळी मला राहवेना. विचारल्याशिवाय तिला बाराशे मैल त्यात झोपवायची, हे मला जमणार नाही. दार लावून सांगून टाकलं, ती गाडी कशाची आहे.

"ठाऊक आहे," प्रेमा म्हणाली.

"कधीपासून?"

"आत सरकवलीस तेव्हापासून. एवढ्या काचा, एवढे पडदे, आणि बसायला एक जागा नाही. अक्का, मी आजारी आहे, बावळट नाही." मग म्हणाली, "यांना सांगू नकोस. इतके खूश आहेत. आणि आईंना तर मुळीच नको, नारळाचे पैसे मागतील."

मी रडले. ती नाही.

"तुला भीती नाही वाटत?"

"आजवर त्यातून गेलेल्या कुणाला बाहेरचं दिसलं नसेल. मला शिरीष दिसला."

मग सामानाचं बोलायला लागली. तिची हिरवी पैठणी घ्यायची म्हणे, आणि नथ. मी म्हटलं, दवाखान्यात पैठणी कुठे नेसणार आहेस? नर्सा हसतील. म्हणाली, "घे तर खरी."

१० फेब्रुवारी

पाण्याचे डबे, स्टोव्ह, टायर, बचनसिंगच्या भावाकडून पंप. श्यामराव रजा घेऊन येताहेत, सासूबाईही. मोसंबी माझ्या हाताने निवडली. परवा पहाटे निघायचं. इतकं सगळं बांधलं आणि एक्स-रेच्या प्लेट्स या माणसाने अजून डॉक्टरांकडून आणलेल्या नाहीत! दोनदा आठवण केली. "बघतो" म्हणतात. मिरजेचे सर्जन काय हिच्या चेहऱ्यावरून मणका ओळखणार? उद्या मीच जाते.

११ फेब्रुवारी

डॉ. शरच्चंद्र गुप्त आधी म्हणाले, "प्लेट्स? कशाला?" मग माझ्याकडे बघत राहिले. खुर्ची पुढे केली. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. डिसेंबरातच त्यांनी श्यामरावांना आणि प्रेमाला सांगितलं. मिरजेला कुणी विचारलेलंच नाही. गाडी तासगावला जाणार आहे. "तिने एकच विचारलं, मुलीपर्यंत पोचेन का. मी म्हटलं, लवकर निघालात तर." मला सांगायचं नाही, हे तिनेच सगळ्यांना बजावलं होतं. म्हणाली, अक्का डॉक्टरांशी भांडत बसेल आणि माझं निघणं लांबेल.

मी भांडले नाही. प्लेट्स घेतल्या.

घरी प्रेमाने विचारलं, "मिळाल्या?" म्हटलं, हो. मिरजेला आधी याच बघतील. पेटीत पैठणीखाली ठेवल्या आहेत.

पहाटे तासगावला निघतो.