मैनाच्या मालिशीच्या दिवशी

अंकुशचे बाबा,

मी बहिणीकडे, रीनाकडे, वरठीले जाऊन राहिली, परवा सांजेले येईन. वरण-भात झाकून ठेवला हाये.

घोडीची मालिश कराले सिहोऱ्याचे जब्बारभाई दहा वाजता येतीन. त्याच्या आधी मैनाले कुटार थोडंच टाकजा, चना नोको. आंग कोरडं पायजे, खरारा करून ठेवजा. ते पाठ दाबत असताना तिनं कान मांगं केले, शेपटी झटकली, त तिथं दुखते असं समजा. दटावू नोका. जांभई देली, तोंड चघळलं, त तिले बरं वाटून राहिलं.

ते विचारतीन, कायनं दुखलं म्हणून. मले सांगतलं तसं "घसरली" सांगू नोका. सानगडीच्या वरातीत तुमी तिले खाटेवर नाचवलं आन् मांगचा पाय नवारीत फसला. रीनानं व्हिडिओ पाठवला मले. खरं सांगाल तरच त्याईले समजन, हात कुठं लावाचा. पायावर सूज दिसली त मालिश नोको, डॉक्टरले बलावजा.

मंग पाणी पाजा, अंगणात हळूहळू फिरवा. दोन दिवस पाठीवर कोणी बसाचं नाही, उद्याचा नवरदेव बी नाही. त्याच्या बापाले मी फोन केला, ते दुसरी घोडी पाहून राहिले.

तरी ते घरी येऊन हात जोडतीन, आन् तुमाले कोणाले नाही म्हणता येत नाही. म्हणून लगाम मी संग नेऊन राहिली.

वच्छला