गाळलेला उन्हाळा

इंदिरानगर, नाशिक
१२ जून २००३

प्रिय छाया,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती वाटते. फोडलंस तर आधी बातमी सांगते. आपला डोह गेला. गेल्या महिन्यात शिंगटे आणि वामी पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. आपल्याला होडीतून नेणारी चांगुणा आता मासे धरायचं सोडून द्राक्षबागेत मजुरीला जाते. मला पाहून ती नुसती घरात निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवतं ना, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला आपण दोघी कॉलेजच्या काचेच्या बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून एसटीनं न्यायचो. जून ते मार्च, दर महिन्याला. पुढे परीक्षा, मग सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून नदीलाही सुट्टी. चांगुणा हसायची, "बाई, पानी लय असतं तवाच येता तुमी. वैशाखात या, मंग कळंल." ते तू एकटीनं मनावर घेतलंस. शिपाई सहादूकडून किल्ली मागून घेतलीस आणि मेच्या उन्हात चार वेळा जाऊन आलीस. तुझे आकडे इतके खाली होते की मी म्हणाले, तुझं मोजताना चुकलंय. खरं सांगू? मला ते तेव्हाच पटले होते. पण माझा प्रबंध टायपिंगला गेला होता, तक्ते तयार होते आणि ते दहा महिने फार देखणे दिसत होते. मी तुझा उन्हाळा गाळला आणि त्याच तक्त्यांवरून सरकारला दिलेल्या अहवालाखाली तुझंही नाव घातलं. नदी बाराही महिने सोसेल, असं धरून त्याच अहवालावर वरच्या वस्तीचं सांडपाणी नदीत सोडायला मंजुरी मिळाली. तू भांडून धुळ्याच्या कॉलेजात निघून गेलीस. मी डॉक्टर झाले.

पुढच्या बुधवारी सुनावणी आहे. आता दुसरा नाला जोडायचा आहे आणि आधार म्हणून पुन्हा आपलाच अहवाल पुढे केलाय. तुझी त्या मे महिन्याची वही हरवली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ती घेऊन मी जाणार आहे आणि आकडे मी गाळले, हे माझ्या तोंडानं सांगणार आहे. त्यात पदवी गेली तर जाऊ दे. पण ते आकडे मी आज बसून रचलेले नाहीत, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? मला माफ करू नकोस. फक्त ये.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
सिंधू