स्टेनलेसवरचा अंगठा

४ सप्टेंबर

पापनाशमच्या म्हाताऱ्यांचं रिव्हॉल्व्हर आज परत दिलं. नाव कुणी घेत नाही त्यांचं, सगळे पेरियवर म्हणतात, म्हणजे थोरले. स्टेनलेसचं आहे. निवडणुकीत ठाण्यात जमा होतं, कातडी पिशवीतच पडून राहिलं. नळीभर तपकिरी ठिपके. स्टेनलेसला गंज धरत नाही असं समजून बसलेले. मालक राव, त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत, म्हणतात, "डाग कमी पडतो इतकेंच. पडतच नाही असें नव्हें."

दोन दिवस बसलो. पितळेची मऊ घासणी, पातळ तेल, स्टीलच्या रेघेच्या दिशेनंच हात. आडवा एकदाबी नाही. लोखंडी काथ्या तर लांबच, त्याचे कण राहतात आणि तेच पुन्हा गंजतात. शेवटी नळीत तोंड दिसायला लागलं. रावांनी भिंग लावून बघितलं, काय बोलले नाहीत. राव बोलले नाहीत म्हणजे पास.

नळीवरनं शेवटचा अंगठा फिरवला आणि डब्यात ठेवलं. तंजावरात दुसरं कोण असलं काम करतंय, दाखवा.

७ सप्टेंबर

मामाचा फोन. कुंभकोणमला त्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान. आठवीनंतर विट्याकडनं त्यानंच आणलं मला. दोन वर्षं भट्टीपुढं बसलो, नाही जमलं. तिथनं इथं रावांच्या बंदूक दुरुस्तीत.

"पांड्या, बंदुकीचं खूळ उतरलं का न्हाई? जागा किती दिवस मोकळी ठिवू?"

बघू म्हटलं. बघायचं काय त्यात. जायचंच नाही. पण त्यानं सांभाळलंय मला, तोंडावर म्हणवत नाही.

राव अजून मला टेबल देत नाहीत. टेबल म्हणजे खिडकीजवळचं, भिंगाचं. सध्या कोपऱ्यात बसतो, सांगतील ते करतो. टेबल मिळालं की मामाला सांगीन.

१९ सप्टेंबर

पेरियवर आले. डबा रावांपुढं आपटला. पुन्हा गंज. नळीवर, ठळक.

राव म्हणाले, अय्या, तुम्ही परत कातड्यात ठेवलं असणार. कातडं ओल पितं आणि सोडत नाही.

पेरियवर : "राव, माझ्या तोंडाकडे बघून बोला. आज सकाळपर्यंत डबा उघडला पण नाही मी. मी खोटं बोलतोय?"

रावांनी नळी उजेडात धरली. मग पुन्हा तेच, कातडं. मी पण मान हलवली. जोरात.

डबा इथंच टाकला, कॉफी आणली होती तीबी तशीच ठेवून गेले. आपला सेल्वम, लाकडाचं काम करतो तो, म्हणाला तीस वर्षांत पहिल्यांदा म्हातारा कॉफी न पिता गेला.

२० सप्टेंबर

रिव्हॉल्व्हर भिंगाखाली धरलं. कातड्याचा गंज ठिपक्याठिपक्यांचा असतो. हा तसला नाही. बारीक गोल रेघा, एकात एक. आणि मधनं एक कोरा पट्टा, आडवा.

बघतच राहिलो. मग आपला उजवा अंगठा बघितला. भट्टीवर भाजला होता, तिथं आडवा वण आहे, रेघा नाहीत. अंगठा शेजारी धरला. तोच.

घाम फुटला. तोबी हातालाच.

२१ सप्टेंबर

कुणाला सांगितलं नाही. स्टेनलेसच्या पत्र्याचे तीन तुकडे घासून लखलखीत केले. एकावर माझा अंगठा, एकावर सेल्वमचा, एक कोरा. ओल्या फडक्यासकट टिनाच्या डब्यात.

सेल्वम : "काय पांडिया राजा, माझी जमीन लिहून घेतोयस काय?" मी पांडुरंग, याच्या तोंडी पांडिया. चोळांच्या गावात पांड्य घुसला म्हणून रोज हसतो.

२४ सप्टेंबर

डबा उघडला. कोरा तुकडा साफ. सेल्वमचा साफ. हा माणूस दिवसातनं दहादा कानात बोट घालतो, आणि त्याचा साफ. माझा तपकिरी. वणासकट.

म्हणजे घामच तसला माझा. इतकी पॉलिश करायची आणि शेवटी आपल्याच हातानं गंज लावून द्यायचा.

वही माझ्या कोपऱ्यात उघडीच आहे. राव मराठी बोलतात, अक्षर वाचता येत नाही त्यांना. त्यांच्या घरात आता तमिळच लिहितात. कुणाला कळायचं कारण नाही. पेरियवरांवर ढकललंय ते तसंच राहील आणि मी...

२६ सप्टेंबर

सांगितलं. तुकडे पुढं मांडले, अंगठा दाखवला.

राव : "कधीं कळलें?"

"चोवीसला. संशय वीसला."

"आणि आज सव्वीस."

मग माझ्यासमोर त्यांनी पेरियवरांना फोन लावला. उभं राहून बोलले. तमिळमध्ये, पण मला कळलं सगळं. चूक आमच्या दुकानाची, तुम्हांला खोटं पाडलं, माफ करा. "पोरानं" असं एकदाबी म्हणाले नाहीत. दुकानाची म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या अंगठ्यासाठी उभा राहिला.

फोन ठेवून मला : "स्टीलला हात लावूं नको. सेल्वमजवळ बैस."

३ ऑक्टोबर

आठ दिवस लाकूड. बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना जवसाचं तेल चोळायचं. सेल्वम खूश. "लाकूड गंजत नाही राजा, ये, घाम गाळ."

रावांनी सुती हातमोजे आणून पुढ्यात टाकले. लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतो मी. घातले. तासाभरात आतनं ओले.

मामाचा फोन घेतला नाही.

११ ऑक्टोबर

जमलं. लिहून ठेवतो.

पत्र्याचे तुकडे रोज करतोय, जेवणाच्या सुट्टीत. उघडा हात, गंज. सुती मोजा, अर्ध्या तासापर्यंत साफ, मग फिकट डाग. घाम झिरपतो. नुसता रबरी मोजा, डाग नाही पण तेलात सटकतो, एकदा तुकडा पायावर पडला. मग आत पातळ रबरी, वर सुती. साबणानं हात धुऊन पार कोरडे करून मगच घालायचे. अन् शेवटचा पुसा फडक्यानं, हात मोज्यात असला तरीबी. पाच तुकडे केले, पाची साफ. ओल्या डब्यात सहा दिवस!

रावांना दाखवलं. भिंग लावलं, पाची उलटेपालटे केले. "आंत रबर, वर सूत? कोणीं सांगितलें?" कुणी नाही म्हटलं. मीच. आठवी पास.

१९ ऑक्टोबर

आयुधपूजा. आपल्याकडं खंडेनवमीला घरचा कोयता, कुऱ्हाड मांडायचो, तसंच. सेल्वम चंदनाची वाटी घेऊन कानशी, पकडी, लेथ, सगळ्याला टिळे लावत आला. पेरियवरांच्या रिव्हॉल्व्हरपाशी मी हात आडवा घातला. ओलं चंदन आणि कुंकू रात्रभर स्टीलवर राहिलं की गोल डाग, मागच्या वर्षीच्या दोन बंदुकांवर बघितलाय.

सेल्वम : "देवाला अडवतोस?"

"देवाला नाही. ओल्याला."

"अय्यो, काल लाकूड चोळत होता, आज पुजारी झाला!"

राव हसले. म्हणाले, टिळा त्याच्या पेटीला लाव, पेटी पण देवीचीच. सेल्वमनं पेटीला एवढा मोठा लावला की कुलूप दिसेना.

२५ ऑक्टोबर

पेरियवर आले. कोइमतूरला मुलीकडं चाललेत, रिव्हॉल्व्हर तेवढे दिवस दुकानातच राहणार. रावांनी मला पुढं बोलावलं. हाच तो म्हणाले.

पेरियवर : "हात दाखव."

दाखवला. उलटा केला, सुलटा केला, अंगठा दाबून बघितला. "कोरडा तर आहे."

"आता आहे, अय्या. कामाला लागला की बघा."

म्हातारा हसला. पोट हलवून. आणि म्हणाला, याच्याकडनंच करून घ्या. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

राव माझ्याकडं वळले. मराठीत, म्हणजे फक्त मला : "तूंच कर. मग एक मंडलम तिजोरींत राहील." मंडलम म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, इथं औषध, व्रत सगळं त्या मापानं. "ह्या पावसांत. डाग नसला तर खिडकीचें टेबल तुझें. असला तर मामाकडे जा, मज राग नाहीं."

कॉफी प्यायले पेरियवर. दोन डबरे, म्हणजे इथल्या कॉफीच्या वाट्या, भरून.

२६ ऑक्टोबर

केलं. आधी चक्र उघडून सहाही घरं रिकामी बघितली, मग रावांनी बघितली. मूठ उतरवली, आत स्क्रूभोवती जुना गंज होता, मागच्या वेळी मी मूठ उतरवलीच नव्हती. तेबी लिहायला पाहिजे. तो काढला, नळीवरचा माझा अंगठाबी. तेल, पुसा, पुन्हा पुसा, वर मेणाचा पातळ हात. मोजे तीनदा बदलले. कागदात, कातड्यात नाही. ओल शोषायच्या पुड्या चार.

हात लागलाच नाही माझा त्याला. तरी इतकं माझं काम आजवर कुठलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाऊस थांबेना, इथं खरा पाऊस याच दिवसांत. चपलांना बुरशी, वहीची पानं चिकटतायत. तिजोरीतल्या पुड्या राव स्वतः बदलतात. बदलून आले की मी तोंड बघतो. काय दिसत नाही. आधी बोलले नाहीत म्हणजे पास असायचं, आता तसं धरता येत नाही.

२३ नोव्हेंबर

राव आज बँकेच्या गार्डची बंदूक खोलायला बसले, आणि मला हाक. "तंबी, ते मोजे कसे घालतोस?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. दाखवलं. आत रबर, वर सूत. तीस वर्षं उघड्या हातानं काम केलेला माणूस. घातले. दिवसभर काढले नाहीत.

 

१२ डिसेंबर

उद्या तिजोरी उघडायची. पेरियवर सकाळच्या गाडीनं येणार.

दुपारी जेवताना मामाचा फोन. गावाकडनं एक पोरगा यायला तयार आहे, भट्टीवर बसंल म्हणतो. मंडलमचं सगळं ठाऊक आहे मामाला, मीच सांगितलं होतं. म्हणला, "उद्या बघ काय निघतंय, मग सांग. संध्याकाळपत्तुर थांबतो."

मी म्हटलं, "थांबू नको मामा. आजच सांगतो. दे जागा त्याला."

"अरं, बघून तर सांग."

"बघायला कशाला पाहिजे."

भट्टीचा आवाज येत होता त्याच्याकडनं.

"आणि निघाला डाग, तर?"

"काढीन," म्हटलं.